हबमधली एकुलती एक बस

अल्लाबक्षची बस हबमध्ये अडकली, तेव्हा त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि सगळेच म्हणत होते की दुपारपर्यंत निघेल.

हब म्हणजे लोणावळ्याच्या कडेला सुविधा मंडळाने बांधलेली चार मजली इमारत. तळाला बसगाड्या, वरच्या मजल्यांवर मोटारींचं पार्किंग. बस आत मावेल एवढी उंची मोजूनमापून ठेवली होती. पण उद्घाटन जवळ आलं तसं कुणाला तरी वाटलं, नुसतं काँक्रीट बरं दिसत नाही. म्हणून जाडजूड, चकचकीत फरशी बसवली. उंची पुन्हा मोजावी हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उद्घाटनाची बस अल्लाबक्षकडे होती. कामशेतचा माणूस, सगळा जन्म स्टिअरिंगमागे गेलेला. कान्हे, वडिवळे, सगळीकडून माणसं कोंबून आणली होती. त्या वजनाने बस इतकी दबली होती की मधल्या तुळईखाली अलगद शिरली. फीत कापली, पेढे आले आणि सगळी बस एका दमात रिकामी झाली. स्प्रिंगा वर उसळल्या, टपातून कर्रर्र आवाज आला आणि बस तुळईला खालून डोकं लावून घट्ट बसली.

"चाचा, गाडी हलंना," कंडक्टर धम्मदीप म्हणाला.

"मला दिसतंय ते," अल्लाबक्ष म्हणाला.

मेकॅनिक म्हणाला, चाकांतली हवा सोडा. इंजिनिअर घाबरला. बसक्या चाकांनी नवी फरशी फुटली तर तिची गॅरंटी जाईल. मग कुणी म्हणालं, माणसं परत भरा. त्यावर हबच्या व्यवस्थापक शुभदा मॅडमनी नियम सांगितला, नादुरुस्त गाडीत प्रवासी बसवता येत नाहीत.

"नादुरुस्त कुटं हाय मॅडम? चालू हाय गाडी."

"चालू आहे, पण निघत नाही. म्हणजे नादुरुस्तच ना, चाचा?"

शुभदा वाईट नव्हती. नुकतीच नोकरीला लागली होती आणि नियम तिला तोंडपाठ होते. मंडळाने एक समिती नेमली.

समितीचा निर्णय होईपर्यंत ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, असा हुकूम आला. अल्लाबक्ष रोज यायचा, सही करायचा, काचा पुसायचा, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालवायचा आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. गावातले लोक विचारायचे, "काय भाऊ, आज कुटवर गेलतास?" त्याने चहाच्या टपरीवर जाणं सोडलं. पुढे तर डबाही तसाच परत न्यायला लागला.

धम्मदीपने ते कामशेतला जाऊन अल्लाबक्षच्या बायकोच्या, अजीजुन्निसाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ती गरम भाकऱ्या बांधून लोकलने लोणावळ्याला आली. आगगाडीचं तिला काही वाटत नसे, पण बस म्हटली की तिच्या पोटात ढवळायचं. नवऱ्याच्या गाडीत ती उभ्या संसारात एकदाच बसली होती, लग्न नवीन असताना, आणि तेव्हा पहिल्या थांब्यालाच उतरली होती.

दारातला दांडा धरून तिने आत डोकावलं.

"हालत न्हाई ना?"

"न्हाई."

"नक्की?"

"आगं, दोन म्हैनं झालं, तसूभर हालली न्हाई."

ती चढली आणि त्याच्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली. त्याला जेवायला लावलं. मग डब्याला झाकण लावत म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, तुमी दिवसभर काय बघत आसाल."

अल्लाबक्षने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "आत्ता बघ, वलवण गेलं. हितं कार्ल्याचा फाटा. फुडं इंद्रायणीवरचा पूल, अन् मग दोन्ही अंगाला भाताची खाचरं."

"पानी हाय का खाचरात?"

"लय. बगळं बसल्यात."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. डबा झाला की दोघं त्याच्या नेहमीच्या मार्गाने शिरगावपर्यंत जाऊन यायचे, जागच्या जागी. मधेच ती म्हणायची, "थांबा की, त्या म्हातारीला घ्या," आणि अल्लाबक्ष खरोखर ब्रेकवर पाय ठेवायचा. धम्मदीप मागे पेपर वाचत बसलेला असे. तोही सवयीने घंटी द्यायचा. नादुरुस्त गाडीत बाई बसते, अशी तक्रार आली, तेव्हा शुभदाने नियम काढून पाहिला. चालकाची पत्नी प्रवासी ठरते की नाही, याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

वरचे मजले मात्र ओस होते. पर्यटकांच्या गाड्या हबच्या रस्त्यावरच दोन्ही बाजूंनी उभ्या राहत. त्यामुळे हबच्या फाटकापर्यंत गाडी पोचतच नसे आणि ती पोचत नाही म्हणून लोक रस्त्यावरच लावत. शुभदाने प्रत्येक मजल्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. त्यांना पाणी घालायला ती रोज एकटी वर जायची.

दीड वर्षाने समितीचा निर्णय आला. बस सोडवण्यासाठी इमारत पाडावी.

"चाचा, तुमच्या बससाठी माझं हब पाडतायत," शुभदा म्हणाली. अल्लाबक्षला आपणच गुन्हा केल्यासारखं झालं.

पाडायच्या दिवशी पोकलेन आलं आणि रस्त्यातच अडकलं. दुतर्फा मोटारी. शेवटी शुभदा कर्णा घेऊन स्वतः रस्त्यावर उतरली. एकेका गाडीला विनवून तिने वर पाठवलं. तासाभरात रस्ता मोकळा झाला आणि वरचे सगळे मजले भरले, गच्च! ती धावत गच्चीवर गेली. सगळीकडे गाड्याच गाड्या. फोटो बघून मंडळाच्या मोठ्या साहेबांनी फोनवर तिचं अभिनंदन केलं. उपक्रम यशस्वी झाला म्हणाले.

आता पोकलेन फाटकात आणि मोटारी आत. मालक भजी खायला गेलेले. ते येईपर्यंत थांबणं आलं. पाडकाम बघायला जमलेली गर्दी कंटाळली आणि अडकलेल्या बसमध्ये शेवटचा फोटो काढायला आत शिरली. एक घुसला, दहा घुसले, पायरीवरही माणसं लटकली. बस हळूच खाली बसली.

धम्मदीपला टप आणि तुळई यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला. "चाचा!" तो ओरडला.

अल्लाबक्षने मागे वळून पाहिलं. अजीजुन्निसा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"उतर लवकर."

"कशी उतरू? दारापत्तूर मानसं हायेत."

त्याने किल्ली फिरवली. बस निघाली. तुळईखालून, नव्या फरशीवरून, पोकलेनला वळसा घालून थेट रस्त्यावर. कुणी अडवलं नाही. बस हबमधून बाहेर पडते आहे यात अडवण्यासारखं काय होतं?

आतले लोकही बिचकले नाहीत. "कान्ह्याला उतरवा," एक जण म्हणाला. "शिरगावला जाती का?" दुसऱ्याने विचारलं. "जाती," म्हणून धम्मदीपने घंटी दिली. अजीजुन्निसा डोळे गच्च मिटून, पुढचा दांडा धरून होती. कार्ल्याच्या पुढे तिने एक डोळा उघडला.

"आता पूल यील," ती म्हणाली.

पूल आला. तिने दुसराही डोळा उघडला. पुढे कामशेतच्या वळणावर तिला उलटी झालीच. पण चूळ भरून, पदराने तोंड पुसून ती परत खिडकीशी जाऊन बसली आणि उतरते म्हणाली नाही. अल्लाबक्षने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी जरा हळू घेतली.

शिरगावहून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. हबचे वरचे दोन मजले पाडून झाले होते, पोकलेन तिसऱ्याला भिडलं होतं. शुभदा फाटकाशी एक कुंडी काखेत धरून उभी होती.

"मॅडम, गाडी तर निघाली. मग आता कशाला पाडत्यात?"

"मी साहेबांना लगेच कळवलं, चाचा. छान झालं म्हणाले. पण ऑर्डर निघालेली आहे."

अल्लाबक्षने रस्त्याकडे पाहिलं. वरून उतरलेल्या मोटारी दोन्ही बाजूंना पुन्हा येऊन लागल्या होत्या, मुंगीलाही वाट नव्हती.

"मग गाडी कुटं लावू?"

शुभदाने पाडकामाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. नियम आठवून पाहिला असावा. मग ती पायरीवर चढली.

"तळेगावला जाते का हो? घरी जायचंय मला."

"जाती की," अजीजुन्निसा म्हणाली आणि तिला खिडकीची जागा द्यायला बाजूला सरकली.