मास्तरांचा आवाज

"पंखा बंद करू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको बाबा. तुम्ही बोलूच नका आता. हे चालू झालं की सांगते."

मास्तर गप्प बसले, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उभी हयात शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना गाडी शिकवली. 'क्लच हळू सोडा, गाडी कुठे पळून जात नाही.' बोलून बोलून घसा बसलाय, असंच सगळे समजत होते. निघाला कॅन्सर. उद्या सकाळी स्वरयंत्र काढायचं होतं आणि आज संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

मुलगी प्रोग्रामर. आठवडाभर तिने बाबांकडून वाक्यं वाचून घेतली होती. त्या वाक्यांवरून कॉम्प्युटरवर त्यांचाच आवाज तयार होणार होता; मास्तर टाइप करतील ते तो बोलणार होता. आता ती रेकॉर्डिंग तपासायची होती. बिघडलेली वाक्यं पुन्हा वाचून घ्यायला आजचाच दिवस होता.

काम लवकर उरकावं म्हणून तिने ते कॉम्प्युटरवर अनेक प्रोसेसना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामकऱ्यांना, वाटून दिलं. पण प्रोग्राम चालवला की आवाजाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आत घेतानाच स्क्रीन लाल अक्षरांनी भरून जाई: आधीची प्रोसेस पुरती उभी राहण्याआधीच नवी सुरू करण्याचा प्रयत्न झाला आहे. तिने लायब्ररीलाच दोष दिला. काढली, पुन्हा टाकली, जुनी आवृत्ती आणून पाहिली. पहिले पाढे पंचावन्न.

"इंजिन गरम झालं असेल. जरा थंड होऊ दे," मास्तर म्हणाले.

ती हसली नाही.

तेवढ्यात फोन यायला लागले. जुने शिकाऊ चौकशी करत होते आणि मास्तर प्रत्येकाशी मनसोक्त बोलत होते. तिने आईकडे पाहिलं.

"बोलू दे गं," आई म्हणाली. "उद्यापासून..." आणि भाजी निवडायला लागली.

दुपार कलल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लायब्ररी बिचारी निर्दोष होती. नवी प्रोसेस जन्मली की आधी मुलीने लिहिलेली फाइल पहिल्या ओळीपासून वाचत होती. त्यात 'आणखी प्रोसेस सुरू कर' ही ओळ उघड्यावरच होती, म्हणून तीही नव्या प्रोसेस काढायला जाई. ते काम फक्त मूळ प्रोसेसने करायचं, एवढी एक अट वर घालायची राहिली होती. तिने ती घातली आणि प्रोग्राम सुरळीत चालला. मघाशी एकेक वाक्य तपासत बसली असती, तरी एवढ्यात झालं असतं.

निम्म्याहून जास्त वाक्यांत पंख्याची घरघर होती.

तिने पंखा बंद केला आणि माइक पुढे ओढला. "बाबा, एवढी वाचा."

मास्तरांनी चष्मा लावला, घसा खाकरला. पहिल्या वाक्याला आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच थोपटलं.

"पुरे आता," आई म्हणाली. "बॅग भरलीय."

चांगली निघाली तेवढ्या वाक्यांवरच आवाज तयार करावा लागला. टाके निघाल्यावर मास्तर घरी आले. मुलीने टॅबलेट त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ एका बोटाने टाइप करत राहिले. मग आवाज आला, स्वच्छ आणि सपाट. प्रत्येक शब्द सारखाच.

"आज घर बरं वाटतंय."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला.

"कोण आलंय गं?" आईने आतून विचारलं.

मास्तरांनी टॅबलेट बाजूला ठेवला. भिंतीचा आधार घेत उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, आईला दिसतील असे.