गरुडाची छाती

लीलाधर जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टीत देवळांसाठी कागदाच्या लगद्याची देवांची वाहनं करून द्यायचा. बायको कुंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने त्याचा पंखवाला घोडा पाहिला आणि हसून विचारलं, पुढचे पाय तर जागच्या जागी आहेत, मग पंखांचा खांदा कुठे आहे?

तेव्हापासून दोघं मिळून प्राणी घडवू लागली. कोंबडी आणली की शिजवण्याआधी ओट्यावर तिचे सांधे हलवून बघायची. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकत, तिथे नाकाला रुमाल लावून गिधाडं कशी उठतात ते पाहत उभी राहायची. कुंदाचं म्हणणं एकच असायचं, प्राणी पुराणातला असू दे, पण तो जगू शकला पाहिजे.

१९८६च्या उन्हाळ्यात पहूरच्या देवळाचे कारभारी जीवराम नाना गरुडाचं काम सांगून गेले. कुंदाला तेव्हा सातवा महिना होता. पाय लांब करून बसल्या बसल्या तिने गरुडाचा सांगाडा काढला. त्याला हात आणि पंख दोन्ही, म्हणून पाठीत खांद्यांची दुसरी जोडी. छातीच्या मधोमध नावेच्या तळासारखं उभं हाड. एवढे पंख हलवायचे तर मांस लागणार, आणि मांसाला धरायला हाड, असं ती समजावून सांगायची.

मुलगी झाली ती निळसर. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत झालेलीच नाही, मोठ्या रक्तवाहिन्याही चुकीच्या जागेवरून निघाल्या आहेत. मुंबईला न्यायची तयारी चालली होती, तेवढ्यात ती गेली. बारसंही व्हायचं होतं.

साक्रीहून कुंदाची आई तानुबाई आली होती. लेकीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "बठ्ठं देवना हातमा शे, माय." सगळं देवाच्या हातात, हे ऐकून कुंदाने तोंड भिंतीकडे वळवलं. अर्धवट गरुड पडवीत चादरीखाली होता. नानांना नाही म्हणून कळवायचं लीलाधरने मनाशी ठरवलं.

आई साक्रीला परतल्यावर एका दुपारी कुंदा कोरा कागद घेऊन त्याच्यासमोर बसली.

"तिचं हृदय कसं असायला हवं होतं, ते काढून दाखवा."

त्याने नको म्हटलं. ती उठली नाही. शेवटी त्याने पेन्सिल घेतली. चार कप्पे काढले, मधली भिंत जाड काढली. एका ठिकाणी तिने त्याचा हात थांबवला आणि मोठी वाहिनी डावीकडून काढायला लावली. चित्र झाल्यावर तिने रक्ताच्या वाटेवरून बोट फिरवलं. आत, फुप्फुसांकडे, परत, बाहेर.

"ही जगली असती?"

"हो," तो म्हणाला.

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तोही रडला.

गरुड पुरा करा, असं नंतर तिनेच सांगितलं. श्रावणात तो पहूरला पोचला. जीवराम नाना त्याच्याभोवती फिरून म्हणाले, आता उडेल की काय. माणसं वाकून पंखांच्या मुळाशी बघत होती. कुंदा खांबाला टेकून बसली होती. यापुढे मला कुठला प्राणी दाखवू नका, एवढंच ती लीलाधरला म्हणाली. त्याने मान हलवली.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला पिशव्या काढायच्या होत्या. तिने आपलं बाळ सहज कुंदाच्या मांडीवर दिलं. लीलाधरने बाळ घ्यायला हात पुढे केला. कुंदाने बाळाला नीट धरलं, त्याच्या झबल्यावर छातीशी तळहात ठेवला आणि मान वळवून, ऐकत असल्यासारखी बसली. बाळ झोपेतच होतं.

फाट्यावर बाई उतरली. तिने बाळ घेतलं, बरं ताई म्हणाली आणि निघून गेली. गाडी सुटली तरी कुंदाने हात मांडीवर तसाच, थोडा वाकवून ठेवला होता.