वर आलो

"अहो, हातपाय धुऊन घ्या," बायको म्हणाली आणि लिफ्ट-मिस्त्री घाबरून दारातच थबकला.

एरवी या वाक्याला कुठला नवरा घाबरेल? पण या घरात संध्याकाळी सात वाजले की सगळं उलटं चालायचं. ती त्याला 'तू' म्हणायची आणि तो तिला 'अहो'. आता साडेसात झाले होते.

हे त्यानंच मागितलं होतं, पाच वर्षांपूर्वी, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत लाजत. दिवसभर सहा माणसांवर हुकूम सोडून डोक्याचा पार भुगा व्हायचा. घरी कुणीतरी आपल्याला सांगावं आणि आपण निमूट ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. ती आधी पोट धरधरून हसली. मग आठवडाभर विचार करून तिनं शिवणाची वही काढली, आणि दोघांनी मिळून त्यात नियम लिहिले. नियम मोडला तर भिंतीकडे तोंड करून अर्धा तास उभं राहायचं. दोघांपैकी कुणालाही नकोसं झालं तर त्या क्षणी सगळं बंद, कारण विचारायचं नाही.

सगळ्यात कडक नियम फोनचा होता. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी एक फोन, आणि चारच्या आत वर येऊन दुसरा.

आज चारला दोन मिनिटं कमी असताना एक बोल्ट राहिला होता. त्यानं खड्ड्यातूनच फोन लावला, "वर आलो," म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला.

आता तो गुपचूप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"कुणी सांगितलं उभं राहायला?"

"चुकलो. शिक्षा द्या ना."

"फोन बंद नव्हता केलात तुम्ही." शिलाई मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं. "सगळं ऐकलं मी. धाडकन काहीतरी आदळलं. मग तुमचा मुकादम ओरडला, 'अरे, मेला की काय हा!' आणि फोन तुटला."

ब्रेक निसटून लिफ्ट चार फूट खाली आली तेव्हा तो ओल्या फरशीवर पालीसारखा चिकटून पडला होता. मोबाईलचा चुरा झाला. घरी गेल्यावर काय थाप मारायची, याचाच विचार तो वाटभर करत आला होता.

"उशीर झाला असता तर काय झालं असतं? अर्धा तास भिंत! त्याला भिऊन खोटं बोललात?"

"भिंतीला कोण भितंय?" तो भिंतीलाच म्हणाला. "वेळेवर फोन केला की तुम्ही 'शाब्बास' म्हणता. तेवढ्यासाठी."



"मी म्हटलंही," ती म्हणाली. "तुम्ही खाली होतात, आणि मी इथे बसून शाब्बास म्हणाले."

"अहो, एकदा शिक्षा करा आणि मिटवून टाका. दोन तास उभा राहतो. रात्रभर राहतो."

"म्हणजे तुम्ही मोकळे. घोरत झोपाल. मी काय करू?" तिनं वही कापडांच्या ढिगाखाली सरकवली. "हे बंद. कधीपर्यंत ते विचारू नका. माझे हात बघा."

तो वळला. तिला अंगठी घातलेला हात दुसऱ्या हातानं धरून ठेवावा लागत होता. गयावया करावी, पाय धरावेत, असं त्याला फार वाटलं. एवढा वेळ त्याला भीती होती ती हे बंद होण्याची. लिफ्टची नव्हे, याची. पण कारण विचारायचं नाही, असं दोघांनीच ठरवलं होतं.

"बरं," तो म्हणाला.

"काय करू जेवायला?"

सातनंतर काय खायचं ते एरवी तीच सांगायची. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि कुणी न सांगता एक पेला पाणी भरून आणलं. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी हिंदकळत होतं. ती पिऊन होईपर्यंत मिस्त्री पेल्याच्या बुडाशी एक बोट लावून उभा राहिला.