रगत कुणाचं?

पाण्याचं रक्त झालं आणि मांडवातली दोन हजार माणसं एकदम उठून उभी राहिली. पुढच्या बायकांनी पदर पसरले, कुणीतरी शंख फुंकला, स्पीकर किंचाळला आणि त्या गोंगाटावर शुद्धनाथ महाराजांचा आवाज चढला.

"बघा! डोळं फाडून बघा! ना सुई, ना ब्लेड, ना ऑपरेशन. नऊ वरसांचं नासकं रगत दोन मिनिटांत भाईर!"

व्यासपीठावर काचेचं मोठं भांडं होतं. त्यात एका मुलीचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवलेले. क्षणापूर्वी पाणी इतकं स्वच्छ होतं की तिची बोटं मोजता येत होती. आता प्रत्येक बोटाभोवती लाल धागे सुटत होते आणि बघता बघता भांडं काळपट लाल झालं. मुलगी स्वतःच्या हातांकडे बघत थरथरत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पोट फुगलं होतं. तिच्या अंगात जे थोडंफार रक्त उरलं होतं ते ओसंडून वाहतंय, असं त्या पोरीला खरोखर वाटत होतं.

मी तिला ओळखत होते. तिलाच शोधत मी त्या रविवारी कागलच्या अलीकडे, हायवेला लागून टाकलेल्या त्या मांडवात आले होते.

मी अवंतिका. शाहूपुरीतल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत अठरा वर्षं तंत्रज्ञ आहे. ही मुलगी निशिगंधा, वय वर्षं नऊ. तिला थॅलेसेमिया. म्हणजे तिचं शरीर स्वतःचं तांबडं रक्त धडपणे बनवू शकत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त द्यावं लागायचं. आठ महिन्यांची असल्यापासून ती आमच्याकडे येत होती. बोलायला लागल्यावर ती रक्ताच्या पिशवीला 'पेट्रोल' म्हणायची. खुर्चीत बसली की हात पुढे करून सांगायची, "मॅडम, आज टाकी फुल करा. उद्या शाळेत पळायची शर्यत हाय." रक्त चढलं की गालांवर रंग यायचा आणि ती खरंच पळायची.

यंदा रक्त घ्यायच्या तिच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. वडील बाळासो फोन उचलत नव्हते.

महाराज तिचे लाल हात वर धरून गर्दीला विचारत होते, "कुणाचं रगत घेतलंस ग पोरी? ठावं हाय? न्हाय! दारुड्याचं आसंल, खुन्याचं आसंल, कुठल्या जातीचं आसंल, कुणाला म्हायती! शंभर जणांचं रगत म्हंजे शंभर जणांचं पाप. त्याला विंग्रजीत डीएनए म्हणत्यात. नासाच्या शास्त्रज्ञांनी मला पत्र धाडून मान्य केलंय. अकरा आयतवार! अकराव्या आयतवारी हिच्यात फकस्त हिच्या कुळाचं रगत राहील!"

टाळ्या पडल्या. नासानं पत्र कुठल्या पत्त्यावर धाडलं, हे कुणी विचारलं नाही.

मी गर्दीतून वाट काढत व्यासपीठापाशी गेले. "महाराज, हे रक्त असेल तर याचा गट कोणता? मला फक्त एक थेंब द्या. पाच मिनिटांत सांगते."

महाराजांनी माइक तोंडाशी नेला आणि गोड हसले. "पावणं, पापाला ग्रुप नसतोय!"

दोन हजार माणसं हसली. दोन स्वयंसेवकांनी माझे दंड धरले आणि मला मांडवाबाहेर आणून सोडलं.

संध्याकाळी मी बाळासोच्या घरी गेले. चांगलं शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. बाळासो दूध संघात नोकरीला. त्याची आई तानाबाई, जिला सगळे आक्का म्हणतात, दारात बसून तंबाखू मळत होती. सून क्रांती, निशिगंधाची आई, चहा ठेवायला आत गेली ती दाराआडच थांबली.

खरं तर मला आधीच सावध व्हायला हवं होतं. सहा महिन्यांपूर्वी बाळासोनं आमच्या खिडकीशी वाकून हळूच विचारलं होतं, "मॅडम, पिशवी कुणाची हाय?" मी म्हटलं होतं, पिशवीवर नंबर असतो, नाव नसतं. तो म्हणाला होता, "तसं न्हवं. आमच्या लोकांचं बघून देता आलं तर बघा की." मी हसण्यावारी नेलं होतं.

"बाळासो," मी म्हणाले, "साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका वैद्यानं माणसाला वासराचं रक्त दिलं. वासरू निष्पाप, म्हणून त्याचं रक्त माणसाला शांत करेल, असा त्याचा हिशोब. तो रोगी मेला, खटला झाला, आणि पुढे दीडशे वर्षं कुणी या वाटेला गेलं नाही. मग माणसाचं माणसाला द्यायला लागले, तर काही जगायचे, काही तडफडून मरायचे. का, ते कुणालाच कळेना. शेवटी व्हिएन्नातल्या एका डॉक्टरनं स्वतःच्या आणि सोबतच्यांच्या रक्ताचे थेंब एकमेकांत मिसळून पाहिले, तेव्हा गट सापडले. त्या थेंबांत त्याला जात दिसली नाही, पाप दिसलं नाही. तुमच्या गटाचा माणूस खाटीकवाड्यात सापडेल आणि तुमच्या सख्ख्या भावाचं रक्त तुम्हाला चालणार नाही. इतक्या लोकांनी मरून हे शहाणपण आपल्याला दिलंय."

"ते खरं आसंल," आक्का म्हणाली, "पर आमच्या घराण्यात कुणाला हाय का ह्यो रोग? हिच्या म्हायेरनं आलाय."

"आक्का, एकट्या आईकडून नाही येत. दोघांकडून अर्धा अर्धा येतो, तेव्हाच होतो."

बाळासो ताडकन उठला. "म्हंजे माझ्यातबी खोट हाय म्हणता?"

तिथे मला सगळं कळलं. नऊ वर्षं डॉक्टर त्याला सांगत होते की दोष तुझ्यातही आहे. महाराजांनी एका वाक्यात त्याला सोडवलं होतं. दोष परक्या रक्ताचा. मुलीच्या जिवापेक्षा ही सुटका त्याला गोड लागली होती.

क्रांती मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. तिनं माझा हात धरला. "मंगळवारी ह्यांची ड्यूटी हाय. मी घेऊन येतो तिला. गुपचूप येतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. मी तिच्यावर विश्वास ठेवला. पिशवी तयार ठेवली आणि वाट बघत बसले. त्याच रात्री पोलिसांना, डॉक्टरांना, कुणाला तरी घेऊन परत जायला हवं होतं. मी गेले नाही. कुणाच्या घरात किती घुसायचं, असा सभ्य विचार केला. तो सभ्यपणा मला आयुष्यभर पुरेल.

मंगळवारी क्रांती आली नाही. बाळासोनं रजा टाकली होती.

बुधवारी दुपारी निशिगंधाला धाप लागली तेव्हा बाळासो आणि क्रांतीनं तिला मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून दवाखान्यात आणलं. हिमोग्लोबिन दोन पूर्णांक तीन. निरोगी मुलात ते अकरा-बाराच्या घरात असतं. मी रक्त जुळवून पिशवी घेऊन स्वतः वॉर्डात पळाले. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाली, "मॅडम, आता न्हाई वाहणार न्हवं? भांड्यात लई सांडलं माझं."

रक्त नळीत उतरत होतं तेव्हाच तिचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी वीस मिनिटं छाती दाबली. पिशवी जवळजवळ भरलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी महाराजांचा निरोप आला. अकरापैकी नऊच रविवार झाले होते, तरी काळजी नको. पोरीच्या अंगात परक्याचा थेंब उरला नव्हता. ती शुद्ध होऊन गेली.

बाळासोनं तो निरोप आलेल्या-गेलेल्याला ऐकवला. त्याला तेवढंच धरायला उरलं होतं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी क्रांतीचा फोन आला. आवाज विचित्र, सपाट. "मॅडम, एक विचारू का? रगताचा डाग साबणानं लाल हुतो का ओ?"

"लाल होतो म्हणजे?"

"निशूचा फ्रॉक धुतोय. त्या आयतवारचा. बाहीला पिवळं डाग हुतं. साबण लावला आन् ते लालभडक झालं. तसंच. भांड्यातल्यागत."

महाराजांच्या पाण्यात काय असेल, हे मी पंधरवडाभर रसायनशास्त्राच्या पुस्तकांत धुंडाळत होते. भारी भारी नावांची यादी केली होती. आणि उत्तर मोरीत पडलं होतं.

मी गेले तेव्हा क्रांती मोरीतच बसली होती. तिनं डबा उघडला, दोन्ही हातांना हळद फासली. मग सासूची चंची उचलली, त्यातला तंबाखूचा चुना तांब्यात कालवला आणि गाळ खाली बसू दिला. वरची निवळी पातेल्यात ओतली. पाणी अगदी स्वच्छ होतं. क्रांतीनं हात बुडवले.

बोटांभोवती लाल धागे सुटले.

आक्का दारात उभी होती. ती पुढे येऊन पातेल्यात वाकून बघू लागली.

"आत शिरताना सगळ्यांच्या हातांना हळदीचा भंडारा लावत्यात," क्रांती म्हणाली. "आम्ही परसाद म्हणून लावून घ्यायचो. जल्मभर हळदीची लुगडी धुतली मी. साबणानं हळद लाल हुती, ही शेंबड्या पोरीलाबी म्हायती. मग मला कसं दिसलं न्हाई, मॅडम? मी तिथंच हुतो की. तिचा हात मीच धरून बुडवला."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. भीती बसली की माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातलं दिसत नाही. पण त्या बाईला ते ऐकवण्याचा धीर मला झाला नाही. मी फक्त लिंबू मागितलं आणि पातेल्यात पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं. "खऱ्या रक्ताचं असं कधीच होत नाही," मी सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी क्रांती मांडवात गेली. मी सोबत होते. महाराजांनी एका म्हाताऱ्याचे हात भांड्यात बुडवले, पाणी लाल झालं, जयजयकार झाला आणि त्या जयजयकारात क्रांती पायऱ्या चढून वर गेली. महाराजांच्याच पुढ्यातल्या ताटातली दोन लिंबं तिनं उचलली, दातांनी फाडली आणि भांड्यात पिळली.

पुढच्या रांगा बघत राहिल्या. लाल पाणी फिकटलं, नारिंगी झालं, पिवळं झालं. हळदीच्या पाण्यासारखं. कारण ते हळदीचंच पाणी होतं.

"चुन्याची निवळी हाय!" क्रांती ओरडली. "हळद आन् चुना! घरी जाऊन करून बघा!"

महाराज माइकवर झेपावले. "बाईच्या अंगात आलंय! धरा तिला! हडळ बोलती हाय!"

"माझ्या अंगात कोण न्हाई," क्रांती माइकशिवाय म्हणाली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझी पोरगी हुती, ती गेली. आता आत कुणीच न्हाई."

मग एक खुर्ची उडाली.

यापुढचं सांगायला मला आवडत नाही, पण अर्धं सांगणं म्हणजेही फसवणूक. लोकांनी त्याला व्यासपीठावरून ओढलं. जे हात तासाभरापूर्वी जोडलेले होते तेच हात होते. पहिला दगड बाळासोनं घातला; तोही त्या गर्दीत बसला होता. थांबा, पोलिसांना बोलवा, कायदा आहे, असं मी घसा फाटेस्तोवर ओरडले. कुणी ऐकलं नाही. तीन आठवड्यांपूर्वीही त्यांनी ऐकलं नव्हतं. विचार न करता पाया पडणारी गर्दी विचार न करताच मारते.

संध्याकाळी आमच्या खिडकीवर मागणीपत्र आलं. पुरुष, वय सेहेचाळीस, पोटाला मार, प्लीहा फुटलेली, चार पिशव्या तातडीनं. नाव ज्ञानू अमुक तमुक. पत्ता त्या हायवेवरच्या मांडवाचा होता; हा ज्ञानू म्हणजेच शुद्धनाथ महाराज.

मी त्याचा नमुना घेतला, पिशव्यांशी जुळवला. चार नंबर, चार अनोळखी माणसं. कुणी ड्रायव्हर असेल, कुणी कॉलेजातली मुलगी. थेंब एकमेकांत मिसळले, गुठळी झाली नाही. जुळलं. पिशव्या पाठवल्या. आमच्या धंद्यात रोगी निवडता येत नाही.

तो वाचला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मारहाणीचा गुन्हा बाळासोवरही झाला. चौथ्या दिवशी पुन्हा नमुना घ्यायला मी वॉर्डात गेले. खाटेशी पोलीस बसला होता. ज्ञानूचा चेहरा सुजलेला, डोळे भीतीनं मोठे. पाचवी पिशवी स्टँडला लटकत होती, अजून जोडायची होती. विचारू नये ते मी विचारलं.

"कुणाचं रक्त आहे, माहिती आहे?"

त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुणाचंबी आसू दे ओ," तो म्हणाला. "लवकर लावा."

जी अक्कल त्याला स्वतःच्या खाटेवर आली, ती त्यानं निशिगंधाला नाकारली. आणि आपण ती नाकारू दिली: बाळासोनं अहंकारापायी, क्रांतीनं धाकापायी, मी सभ्यपणापायी, त्या दोन हजारांनी टाळ्यांपायी. म्हणून हात जोडून सांगते. पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढे चमत्कार केला, तर नमस्काराच्या आधी प्रश्न विचारा. हाताला काय लावलं, पाण्यात काय घातलं, ते विचारा. लोक हसतील. हसू देत. घरी या, हळद घ्या, चुना घ्या, पोरांना समोर बसवा आणि करून दाखवा. आणि डॉक्टरांनी ज्याला रक्त लिहून दिलंय, त्याला ते वेळेवर मिळू द्या. ते कुणाचं, हे विचारत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो.