एकवीस सालची बाटली

सोलांजबाई एकाहत्तराव्या वर्षी लग्नाला उभ्या राहिल्या, याचं मर्सो या फ्रेंच गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नवरदेवाचं. शेजारचे गास्तों! दोघांच्या द्राक्षमळ्यांमध्ये एक दगडी बांध, आणि त्या बांधापायी तीस वर्षं अबोला.

सोलांजबाईंची लेक ओदिल लग्नाला कबूल झाली, पण मेजवानीत पांढरी वाइन आपल्याच तळघरातली हवी म्हणून अडून बसली. गास्तोंचा मुलगा फाब्रिसही तेच म्हणत होता. शेवटी रविवारी दुपारी दोन्ही घरं एका टेबलाशी बसली.

ओदिलने २०२० ची बाटली उघडली. साल कडक उन्हाचं, तरी वाइन ताठ, लिंबाच्या सालीसारखी तरतरीत. फाब्रिसची २०२२ ची भरदार, पिकल्या पीचच्या वासाची. ती चांगली आहे हे ओदिलला पहिल्याच घोटाला कळलं आणि त्याचाच तिला राग आला.

"गोडबोली आहे," ती म्हणाली.

"आणि तुझी मास्तरीण," फाब्रिस म्हणाला.

दोघांची जुंपली. सोलांजबाई उठून तळघरात गेल्या आणि लेबल नसलेली एक बाटली घेऊन आल्या.

"ही एकवीसची."

ओदिलला काही उमगेना. त्या साली एप्रिलच्या हिमाने कोंब जाळले होते. घरात त्या वर्षाची एकही बाटली नाही, असंच ती धरून चालली होती.

"तू बाळंतपणाला दिजोंला होतीस," आई म्हणाली. "द्राक्षं इतकी थोडी, की रस काढायचं यंत्र अर्धंही भरेना. यांचंही तेच. मग दोघांची एकत्र घातली. एकच पिंप झालं."

"मी नुसतं विचारलं होतं, बाई, तुमच्या यंत्रात जागा आहे का," गास्तों म्हणाले.

"पुढे दोन महिने रोज पिंप बघायला येत होतात, ते कुणी सांगितलं होतं?"

गास्तोंचे कान लाल झाले. फाब्रिस बापाकडे बघतच राहिला.

ओदिलने घोट घेतला. आधी हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा, मग हळूहळू काहीतरी उलगडत गेलं. तिने खोट शोधून पाहिली, सापडली नाही. आईकडे बघताना तिला एकदम हसू फुटलं.

बाटल्या उरल्या होत्या वीस, पाहुणे ऐंशी. प्रत्येकाला अर्धा अर्धा ग्लास एकवीसची आधी द्यायची, यावर कुणाचंच दुमत झालं नाही.

"पण माशाबरोबर माझी वीसची," ओदिल म्हणाली.

फाब्रिसने ग्लास खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. सोलांजबाईंनी बाटलीत उरलेली वाइन गुपचूप गास्तोंच्या ग्लासात ओतली.