भोकाला काठ

"काळ्या रे कापडा, तुला घालते शिवण,
माझ्या दोन्ही दिव्यांची नीट करावी राखण."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगात सुई होती. सुई टोचत होती, पण आवाज इतका हळुवार होता की टोचणं जाणवलं नाही. तो आवाज आता पुष्कळ दूर गेला आहे. तरी वाऱ्याने माझी घडी हलली की मला तो ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे.

जन्माने मी पडदा नव्हतो. कोटाच्या आतलं अस्तर व्हायचं माझ्या नशिबी होतं. शिंप्याच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर मी गुंडाळून पडलेलो असे. अस्तराला कोण विचारतो? मिरवायला कोट, घाम प्यायला अस्तर. पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माणसाच्या छातीजवळची जागा मिळते, ती काय थोडी?

मग युद्ध आलं. कोट शिवणारी गिऱ्हाइकं आटली. अंधार पडल्यावर एकाही खिडकीतून उजेड बाहेर दिसता कामा नये, विमानांना वस्ती कळता कामा नये, असा हुकूम निघाला. ज्या काळ्या कापडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्यासाठी दुकानात झुंबड उडाली. दुकानात काजं करणारी एक बाई होती. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. आधी कापडाला चीर द्यायची, मग चिरीच्या कडेने टाक्याला टाका चिकटवत जायचं, म्हणजे भोक राहतं पण उसवत नाही. तिच्या हातची काजं कोट फाटला तरी फाटत नसत. शिंप्याने तिच्यासाठी माझा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता.

तिच्या घरात दोन दिवे होते, असं तीच म्हणायची. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. वडील लढाईवर गेलेले, त्यांची खबर नव्हती. धाकटीला सगळे 'बटण' म्हणत. हे नाव भावाने ठेवलेलं. जिथे ठेवावं तिथे राहत नाही, घरंगळत कॉटखाली जाते, म्हणून बटण. मलाही त्याने नाव ठेवलं, काळूमामा. खिडकीशी आला की माझी कड धरून तो म्हणे, "काय काळूमामा, आज काय काय झाकलंत?" आणि बटण हसून लोळायची. त्या घरात हसणं होतं, मित्रांनो. विमानांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजून थांबला की पहिल्यांदा तेच बाहेर यायचं.

एके दिवशी बटणाने आईची सुई घेतली आणि माझ्या अंगात भोक पाडलं. अगदी तिच्या डोळ्याच्या उंचीवर. सुईने सुरुवात केली आणि बोट घालून वाढवलं. भाऊ कोपऱ्यावरच्या नळावर पाणी आणायला जायचा आणि तिला तो दिसत राहायला हवा होता. भावाला ते ठाऊक होतं. आईला नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ रिकामा कॅन घेऊन खाली उतरला. बटणाने भोकाला डोळा लावला. आईने ते पाहिलं, खसकन तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि कॉटखाली जायला सांगितलं. त्यानंतर आईने काय केलं तेही मला माहीत आहे. पण ते सांगणं माझं नव्हे. ज्याचं त्याने सांगायचं असतं.

मग आवाज झाला. खिडकीची काच फुटली ती मी अंगावर झेलली, घरात एक तुकडा जाऊ दिला नाही. पण मला खिडकीएवढंच झाकता येतं. रस्ता झाकता येत नाही. कोपऱ्यावर नळ होता तिथे खड्डा राहिला. भाऊ परत आला नाही.

एक गोष्ट मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो, मला छाती नसली तरी. घरात दिवा लागला की माझी पाठ कोमट व्हायची. त्या संध्याकाळी माझी पाठ गार होती. दिवा लागलेलाच नव्हता.

हे मला माहीत होतं. कॉटखाली गेलेल्या बटणाला नव्हतं. आणि पडद्याला बोलता कुठे येतं?

पुढे मी बोचकं झालो. घरात जे उरलं ते आईने माझ्यात बांधलं, चार कोपऱ्यांची गाठ मारली आणि डोक्यावर घेतलं. चालत चालत आम्ही एका शाळेच्या इमारतीत आलो. तिथे आता शाळा भरत नव्हती, घर गेलेले लोक राहत होते. एकेका वर्गात चार-पाच कुटुंबं, मधे बाकांची भिंत. फळ्यावर कुठलंसं गणित अर्धवट राहिलेलं होतं, ते कुणी पुसलंही नाही आणि सोडवलंही नाही. त्या वर्गात मायलेकी पाठीला पाठ लावून झोपत. भावाचा विषय आई काढत नसे. बटण तर हो आणि नाही यापलीकडे काही बोलतच नसे. शेजारच्या बायका आईला म्हणत, पोरगी गुणाची आहे हो, हूं की चूं नाही. मला ते ऐकवत नसे. एवढीशी मुलगी गप्प असली की लोक तिला शहाणी म्हणतात.

खालच्या व्यायामशाळेत एक बाई मुलांना घेऊन बसायच्या. त्यांच्या हाताला कायम रंग लागलेला असे, म्हणून मुलं त्यांना 'रंगताई' म्हणत. त्यांचा एकच नियम होता. कुणाच्याही चित्राला 'हे काय काढलंस?' असं विचारायचं नाही. जवळ बसायचं, आणि मूल बोललं तर ऐकायचं. काही मुलं कागद नुसता काळा करत. एकजण घर काढी आणि त्यावर इतकं पाणी ओती की कागदाचा लगदा होई. रंगताई तो लगदाही वाळत घालत.

त्यांनी बाहुल्यांचा खेळ बसवायचं ठरवलं. मोज्यांच्या बाहुल्या, चिंध्यांचे कपडे, आणि मागे टांगायला मोठं कापड हवं होतं. सगळ्यांकडे जुनं कापड मागितलं गेलं. आईने माझी गाठ सोडली, मला एकदा गालाला लावलं आणि त्या ढिगात टाकून दिलं. ती मागे वळली नाही. मी तिला दोष देत नाही. काही वस्तू डोळ्यांसमोर नसलेल्या बऱ्या असतात.

व्यायामशाळेत मला दोरीवर टांगलं. मागे खिडकी होती. तिचा उजेड माझ्या एकुलत्या एका भोकातून आत आला आणि रंगताई हरखून गेल्या. म्हणाल्या, बघा रे, काळ्या आभाळात चांदणी. मग त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक जाड सुई दिली. ज्याने त्याने आपली चांदणी पाडायची.

त्यांना वाटलं, अंधाराच्या कापडातून मुलांनी उजेड काढला तर भीती जाईल. विचार वाईट नव्हता. पण मी कुणाच्या खिडकीवर होतो हे त्यांना माहीत नव्हतं. आणि शेवटच्या रांगेतली एक मुलगी सुई हातात धरून नुसती बसली आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली तर आभाळात एकही चांदणी नव्हती. सगळी भोकं काळ्या दोऱ्याने रफू केलेली, जुनं भोकसुद्धा. मुलं चक्रावली. पुन्हा भोकं पाडली, पुन्हा बुजली. ओठावर दुधाची मिशी उमटलेला एक मुलगा म्हणाला, "भोकं पाडणारे उंदीर ऐकले होते, हा बुजवणारा उंदीर कुठून आला?" सगळे हसले. बटण हसली नाही. पण तिने आपला करडा मोजा घेतला आणि त्याला दोन कान शिवले.

रंगताईंना तेव्हा काहीतरी खटकलं. त्यांनी कुणालाच रागे भरलं नाही. वरच्या मजल्यावर काजं करणारी बाई राहते असं कळल्यावर त्यांनी तिला बोलावलं, तेवढाच रफूचा उलगडा होईल म्हणून. आई आली. तिने मला ओळखलं, आणि माझ्यावरचे टाकेही ओळखले. सगळे उलट्या अंगाला कललेले होते. बटणाच्या डावखुऱ्या हाताचे. तिनेच त्या हाताला शिकवलं होतं. आई खाली बसली आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवू लागली.

मित्रांनो, पुढे काय झालं ते सांगण्याआधी माझं आजचं सांगतो.

आज मी व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांवर पडून आहे. बाहुल्यांचे खेळ पुष्कळ झाले. मुलांनी माझ्यासमोर टाळ्या वाजवल्या, माझ्यात नाकं पुसली, माझ्याआड लपून रडून घेतलं. मग एकेक कुटुंब कुठे कुठे निघून गेलं. रंगताईंनाही दुसरीकडे पाठवलं. माझा रंग विटून मातकट झाला आहे, घडीवर मी फाटत चाललो आहे. आणि काल एक माणूस येऊन मला हाताने मापून गेला. खिडकीला पुरेन का, ते बघत होता.

मोठ्या माणसांना माझं कोण सांगणार? तुम्ही सांगा. म्हणावं, त्याला पुन्हा खिडकीवर चढवू नका. त्याच्या अंगभर भोकं आहेत आणि बुजवलेलं प्रत्येक भोक पुन्हा उघडून जपून ठेवलेलं आहे. आता त्याच्याकडून कुठलाच दिवा झाकला जाणार नाही. आणि तुमच्या वर्गात एखादं मूल फार गप्प असेल तर त्याला गुणी म्हणून सोडून देऊ नका. रंग द्या, चिंध्या द्या, जवळ बसा.

आता राहिलेलं सांगतो आणि थांबतो.

आईने त्या दिवशी सुई ओवली. आधी जुन्या भोकावरचं रफू तिने हळूच उसवलं. मग भोकाच्या कडेने काजाचा टाका घालू लागली. बटण दारातून बघत होती. ती आली आणि तिने करडा मोजा हातावर चढवला. बोलला तो उंदीर, अगदी बारीक आवाजात.

"ते भोक मी कुरतडलं. बटणाने नाही. त्यातून उजेड बाहेर गेला. म्हणून विमान आलं."

सुई थांबली. रंगताई भिंतीशी उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. आईने मुलीकडे पाहिलं नाही. उंदराकडे पाहिलं.

"उंदीरमामा," ती म्हणाली, "बटणाला माझा एक निरोप द्याल?"

उंदराने मान हलवली.

"सांगा तिला, दिवा लावलाच नव्हता मी. तेल पुरवून वापरत होते. विमान आलं ते त्याच्या वाटेने आलं."

आईने टाका घातला, ओढला, दुसरा घातला. ओठांतल्या ओठांत ती गुणगुणली. तोच जुना आवाज होता, फक्त मधे चिरलेला.

"काळ्या रे कापडा, तुला सुईने देते काठ,
गेल्या माझ्या बाळाची त्यातून दिसते वाट."

"बुजवू नको," उंदीर म्हणाला. की बटण म्हणाली, मला नीट कळलं नाही.

"नाही बुजवत. नुसता काठ देतेय." आईने दोरा दाताने तोडला. मग उंदराला बाजूला केलं आणि मुलीचा हात आपल्या हातात घेतला. "तुला कॉटखाली पाठवलं ना, तेव्हा मी त्या भोकाला डोळा लावला. तो कोपऱ्यावर पोचला होता. वळताना त्याने वर बघितलं आणि हात केला. भोकाशी तूच आहेस असं वाटलं त्याला. तो हात तुला होता, बटणा. मी इतके दिवस एकटीनेच ठेवून घेतला."