नेवियोचा चेहरा

ओत्ताविओ मास्तरांना कुंचला तोंडात धरायची खोड होती. रंगात बुडवायचा, ओठांत फिरवून टोक काढायचं आणि मगच भांड्याला लावायचा. आमच्या फाएन्झा गावातले जुने कारागीर सगळे तेच करत, आणि रंगात शिसं असतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी चार वर्षं कानीकपाळी ओरडले. "झेलिंदा, तू जन्मायच्या आधीपासून शिसं खातोय मी," मास्तर म्हणायचे. "मेलो का?"

मेले नाहीत, खरंय. एकोणीसशे एक्कावन्नच्या वसंतात त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबू लागला.

त्यांचे कलश मिलानच्या प्रदर्शनांत मिरवायचे. कलश गेले खड्ड्यात. मुलगा नेवियो लढाईत मारला गेला आणि त्याच वर्षी बॉम्बने घर पाडलं. फोटो एकही उरला नाही. मी कामाला आले ती नंतर, त्या पोराला कधी पाहिलेलं नाही. त्याचा चेहरा आता फक्त मास्तरांच्या हातात होता, आणि बायकोसाठी, आर्जियाबाईंसाठी, तो त्यांना एका मातीच्या छोट्या फरशीवर काढायचा होता. बाईंना त्यांनी सांगितलं नव्हतं. साधला तर दाखवू, म्हणाले.

"माझं मनगट धर," ते मला म्हणाले. "नुसतं उचल. वळवीन मी."

फरशीवरच्या कच्च्या, न भाजलेल्या लेपावर रंग टेकला की तो लगेच आत शोषला जातो. पुसणं नाही, खोडणं नाही. मी मनगट धरलं. पहिल्या दोन रेघांतच मला कळलं, बोटांत जीवच नाही. मी नेईन तिकडे कुंचला जातोय.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मास्तर डोळे मिटून सांगत होते, "भुवई जरा खाली... हां. हसला की ओठ डावीकडे जायचा त्याचा..." आणि त्यांच्या तोंडावर इतकं सुख होतं की माझी जीभ उचलेना. मी हात नेत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा फरशीवर नुसते राखी डाग होते. कच्च्या रंगात चेहरा कुणाला कळतो? फरशी भट्टीला लावली.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. मास्तरांनी फरशीवर उमटलेला चेहरा पाहिला आणि डाव्या हाताने ती पालथी घालायला गेले. तेवढ्यात आर्जियाबाई जेवण घेऊन आत आल्या. लपवायला वेळच मिळाला नाही.

बाई वाकून बघत राहिल्या. मग एप्रनला हात पुसून त्यांनी त्या गालावरून बोट फिरवलं.

"गोड पोरगा आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचा हो?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "झेलिंदाचा भाचा."

मला ना भाऊ, ना बहीण. मी मान डोलावली.

"जिवंत आहे ना गं?" बाईंनी मला विचारलं.

"आहे," मी म्हणाले.